दुसरा कीबोर्ड घेण्याआधी

गणपती दोन-अडीच महिन्यांवर आले की ठाणे-नवी मुंबईच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, एक कीबोर्ड आहेच. आता वर एक वर्कस्टेशन टाकायचंय. यामाहाचा मोडएक्स घेऊ, रोलँडचा फँटम घेऊ, की कॉर्गचा नॉटिलस?" मी उलट विचारतो, अडतंय कोणत्या गाण्यात? इथे बहुतेक जण गप्प होतात. यूट्यूबवरचे सगळे डेमो बघून झालेले असतात, कुठल्या मॉडेलमध्ये किती जीबी आवाज आहेत ते तोंडपाठ असतं, पण चालू कार्यक्रमात आपला हात नेमका कुठे कमी पडतो याची नोंद कुणीच ठेवलेली नसते. ती नोंद केली की निम्मी निवड आपोआप होते. उरलेली निम्मी कशी करायची ते सांगतो.

आधी वर्कस्टेशन म्हणजे काय ते. एकाच यंत्रात तीन गोष्टी: आवाज तयार करणारं इंजिन, त्या आवाजांना रिव्हर्ब (घुमारा), कोरस (दाटपणा) लावणारे इफेक्ट्स, आणि वाजवलेलं ट्रॅकवार साठवणारा सिक्वेन्सर. कॉर्गने १९८८ मध्ये एम१ आणला आणि हा प्रकार जगभर रुळला. एम१मध्ये मूळ आवाजांसाठी जेमतेम ४ एमबी मेमरी होती, एका वेळी १६ स्वर वाजायचे आणि सिक्वेन्सरला ८ ट्रॅक होते. एवढ्या भांडवलावर लोकांनी अख्खी गाणी बांधली. पुढे १९९९ मध्ये कॉर्गचा ट्रायटन, २००१ मध्ये यामाहाचा मोटिफ आणि २०११ मध्ये कॉर्गचाच क्रोनॉस आला. आपल्याकडच्या जुन्या वादकांच्या बोलण्यात ही नावं अजून येतात, आणि सेकंडहँड बाजारात ही यंत्रंही अजून फिरतात.

आज स्टेजवर सिक्वेन्सर फारसं कुणी वापरत नाही. ट्रॅक लागलाच तर लॅपटॉपवरून सोडतात. यामाहाने २०१६ मध्ये माँटाज काढला तेव्हा मोटिफमधला पूर्ण सिक्वेन्सर त्यात दिलाच नव्हता. बरीच ओरड झाली, पुढे अपडेटमधून पॅटर्न सिक्वेन्सर आला, पण स्टेजवर वाजवणाऱ्यांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. त्यामुळे घरी बसून गाणी रचायची नसतील तर सिक्वेन्सर किती ट्रॅकचा आहे या भानगडीत पडू नका. आपल्याला वर्कस्टेशन हवं असतं ते दुसऱ्याच गुणासाठी: एका गाण्याला लागणारे पाच-सहा आवाज पट्ट्यांवर हवे तसे वाटून ठेवायचे आणि गाण्याचं नाव पुकारलं की एका बटणात ते सगळे समोर आणायचे.

याला कॉर्गमध्ये कॉम्बिनेशन म्हणतात, यामाहाच्या मोडएक्स-माँटाजमध्ये परफॉर्मन्स, आणि रोलँडच्या फँटममध्ये सीन. कार्यक्रमाच्या क्रमाने हे लावून ठेवायची सोयही तिघांकडे आहे. कॉर्ग क्रोनॉस-नॉटिलसवर सेट लिस्ट, यामाहावर लाइव्ह सेट. दुकानात गेलात की पियानोचा आवाज ऐकत बसण्याआधी ही सोय उघडायला सांगा. अंधाऱ्या स्टेजवर, निवेदक पुढच्या गाण्याचं नाव घेत असताना, बोटाने नेमकं ते बटण सापडतं का? सापडत नसेल तर आवाज कितीही गोड असू दे.

अरेंजर हा वेगळा प्राणी. यामाहाची पीएसआर-एसएक्स मालिका किंवा कॉर्गची पीए मालिका, यांत डाव्या हाताने कॉर्ड धरली की ढोलक, बास, गिटार सगळं आपोआप वाजतं. रिसेप्शनला एकटाच गायक-वादक असेल तर यासारखं दुसरं काही नाही. पण तुमच्या ग्रुपमध्ये ढोलकीवाला आहे, ऑक्टोपॅडवाला आहे, बास गिटार आहे, तर त्या तयार साथीचे (स्टाइल्सचे) पैसे तुम्ही कशाला भरायचे? अशा ग्रुपात अरेंजर विकत घेणाऱ्यांना मी अडवत नाही, पण पटतही नाही.

आता नोंद कशी करायची ते. कार्यक्रमात नेहमी होणारी गाणी घ्या आणि प्रत्येकासमोर दोनच गोष्टी लिहा: कोणते आवाज एकाच वेळी वाजतात, आणि कोणता बदल श्वास घ्यायच्या आत करावा लागतो. समजा एक भावगीत आहे. सुरुवातीला व्हायोलिनचा ताफा आणि वर संतूर, मुखडा सुरू होताच बासरीची एक जागा, अंतऱ्याखाली पॅड (मागे धरलेला मऊ, लांब आवाज), आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी सतारीचा छोटा तुकडा. पाच आवाज. ६१ पट्ट्यांवर हे वाटायला घेतलं तर व्हायोलिनला डावीकडची दोन सप्तकं, संतूरला उजवीकडचं दीड, बासरीला उरलेलं, आणि सतारीला जागाच नाही. म्हणजे मध्येच बटण दाबून आवाज बदलायचा. जुन्या यंत्रांवर इथेच घोळ होतो: बटण दाबताच धरून ठेवलेले व्हायोलिन कापल्यासारखे तुटतात. नव्या यंत्रांनी यावर उपाय काढलाय. माँटाजमध्ये ८ पार्टपर्यंत (पार्ट म्हणजे एकेका आवाजाचा थर) आणि मोडएक्समध्ये ४ पार्टपर्यंत आवाज न तुटता बदल होतो. नॉटिलसमध्येही तशी सोय आहे.

पण गंमत अशी, की दोन कीबोर्ड असले की हा प्रश्न जवळपास मिटतोच. डावा हात खालच्या कीबोर्डवर व्हायोलिन धरून असतो, तेवढ्यात उजव्या हाताने वरच्यावर सतार लावायची. खालच्याला हातही लागत नाही, मग तुटणार काय? दोन कीबोर्डांचा खरा फायदा हा आहे. त्यामुळे दुसरा कीबोर्ड घेताना "सीमलेस" बदलासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज उरत नाही.

पॉलिफनी, म्हणजे यंत्र एका वेळी किती आवाज वाजवू शकतं, याबद्दल लोकांचा गैरसमज असतो. १२८ पॉलिफनी म्हणजे १२८ बोटं वाजवता येतील असं वाटतं. तसं नाही. स्टिरिओ पियानोची एक पट्टी दाबली तर बऱ्याच यंत्रांत डावा आणि उजवा मिळून दोन आवाज खर्च होतात. त्यावर दोन थरांचे स्टिरिओ स्ट्रिंग्ज लावले तर आणखी चार. एका पट्टीला सहा. १२८ भागिले ६, म्हणजे साधारण २१ पट्ट्या. दोन्ही हातांनी आठ सुरांची कॉर्ड, सस्टेन पेडल (सूर धरून ठेवणारं) दाबलेलं, आणि तिसरी कॉर्ड पडली की आकडा २४वर गेला. मंडपात खुर्च्या संपल्यावर होतं तेच इथे होतं: नवा पाहुणा आला की कुणाला तरी उठवलं जातं, आणि बहुतेक वेळा सगळ्यात आधी आलेल्याला. ऐकणाऱ्याला फक्त "काहीतरी बारीक झालं" एवढंच जाणवतं. मोडएक्समध्ये नमुन्यांच्या (सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या) आवाजांसाठी १२८ आणि एफएम (यंत्रातच घडवलेल्या) आवाजांसाठी वेगळे ६४ असा हिशेब आहे, म्हणजे एफएमचा इलेक्ट्रिक पियानो वाजवलात तर स्ट्रिंग्जच्या वाट्याला धक्का लागत नाही. आणि दोन कीबोर्डांवर तर दोघांचे खिसेच वेगळे. पियानो खाली, स्ट्रिंग्ज वर, की झालं.

दुकानात हमखास फसवणारी दुसरी गोष्ट इफेक्ट्सची. एकटा आवाज वाजवला की काय भरदार वाटतो! तोच आवाज पाच आवाजांच्या कॉम्बिनेशनमध्ये टाकला की कोरडा, बोडका होतो. बिघाड काही नसतो. एकट्या आवाजाला सगळे इफेक्ट्स मोकळे मिळतात. एकत्र आले की ते वाटून घ्यावे लागतात. ट्रायटनमध्ये सगळ्यांत मिळून ५ इन्सर्ट (आवाजाला थेट लागणारे) इफेक्ट्स होते, क्रोनॉसमध्ये १२ झाले. रोलँडच्या जुनो-डीएसमध्ये अनेक आवाज एकत्र वाजवताना तीनच मल्टि-इफेक्ट्स मिळतात, तर फँटममध्ये प्रत्येक झोनला (आवाजाच्या विभागाला) स्वतःचा. म्हणून दुकानात डेमो ऐकून भाळू नका. आपल्या एका गाण्याचे पाचही आवाज तिथेच एकत्र लावून ऐका. दुकानदार थोडा कंटाळेल. कंटाळू दे.

आता मुख्य मुद्दा. बरेच जण म्हणतात, खालचं भारी वर्कस्टेशन आहे, वर नुसता मिडी कंट्रोलर (दुसऱ्या यंत्राला सूचना देणाऱ्या नुसत्या पट्ट्या) ठेवू, त्याला स्वतःचा आवाज नसला तरी चालेल. स्टुडिओत चालेल. आपल्या कार्यक्रमांत मला ते अजिबात मान्य नाही. नवी मुंबईतल्या एखाद्या सेक्टरच्या मैदानात कार्यक्रम चाललाय, मंडळाची लाइट गेली, जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट लागलं. जनरेटर आला, पण तुमचं यंत्र परत उठायला वेळ घेतं. क्रोनॉस आणि नॉटिलस आतून छोटा कॉम्प्युटरच आहेत. चालू व्हायला मिनिटाहून बराच जास्त वेळ लागतो. त्याउलट साधे, हलके कीबोर्ड काही सेकंदांत उठतात, आणि जुनो-डीएस६१ किंवा कॉर्ग क्रॉससारखे तर पेन्सिल सेलवरही चालतात, म्हणजे सेलवर वाजवत असाल तर लाइट गेली तरी ते बंदच पडत नाहीत. वरच्याला स्वतःचा आवाज आणि स्वतःची केबल असेल तर तोवर तो किल्ला लढवतो. दहा वाजता स्पीकर बंद करायचा असतो, पोलीस समोर उभे असतात, आणि त्या शेवटच्या अर्ध्या तासातली दोन मिनिटं फार महाग पडतात. मोठ्या यंत्राला कॉम्प्युटरसाठी मिळतो तसला छोटा यूपीएस लावा. कीबोर्डला वीज फार लागत नाही, तो पुरतो.

आग्री-कोळी हळदीत बेंजो पार्टीबरोबर वाजवणाऱ्यांना हे सांगायला नको. तिथे कीबोर्ड कधी टेम्पोत, कधी हातगाडीवर. त्या कामाला ८८ पट्ट्यांचं धूड नेणारा मी अजून बघितलेला नाही.

दोन कीबोर्ड एकमेकांना जोडायचे का? जोडता येतात, पण एक गोष्ट आधी समजून घ्या. मागे जे चौकोनी यूएसबीचं भोक असतं ते कॉम्प्युटरला जोडण्यासाठी असतं. दोन कीबोर्डांची ही चौकोनी भोकं एका केबलने जोडून काही होत नाही, कारण दोघेही कुणीतरी हुकूम द्यायची वाट बघत बसतात. त्यासाठी मधे कॉम्प्युटर किंवा यूएसबी होस्टची पेटी हवी. साधा मार्ग म्हणजे पाच पिनांची जुनी गोल मिडी केबल: वरच्याचा मिडी आउट, खालच्याचा मिडी इन. १९८३ पासून चालत आलेली ही पद्धत अजून बिनतक्रार चालते. यातून आवाज जात नाही, फक्त "अमुक पट्टी इतक्या जोरात दाबली" अशा सूचना जातात.

आणि इथेच आपल्याकडचा खास घोटाळा होतो, तो पट्टी बदलण्याचा, म्हणजे गाण्याचा मूळ सूर वर-खाली करण्याचा (यंत्रावर याला ट्रान्सपोज म्हणतात). पाश्चात्त्य बँडला हा त्रास क्वचित, आपल्याला दर गाण्याला. तालमीत गाणं सफेद एकमध्ये बसवलंय, आणि स्टेजवर ताई हळूच मागे वळून म्हणतात, "दादा, आज घसा बसलाय, अर्धा उतरवा ना." तुम्ही वरच्या कीबोर्डवर ट्रान्सपोज उणे एक केलं. खालच्यावरही उणे एक केलं. आता वरून तुम्ही खालच्याचे स्ट्रिंग्ज वाजवताय. काही सेटिंग्जमध्ये वरचा कीबोर्ड पट्टी बदलूनच सूचना पाठवतो. खालच्याने ती घेतली आणि स्वतःचं उणे एक पुन्हा लावलं. वरची बासरी अर्ध्या सुराने उतरली, खालचे स्ट्रिंग्ज पूर्ण सुराने. काळ्या पट्टीशेजारची पांढरी एकत्र दाबल्यावर जसं कानात खुपतं, तसं अख्खं गाणं. गाणाऱ्याला वाटतं आपणच बेसूर झालो.

कॉर्गच्या क्रोनॉसमध्ये यासाठी एक सेटिंग असतं, प्रीमिडी आणि पोस्टमिडी. ट्रान्सपोजचा हिशेब मिडीच्या अलीकडे करायचा की पलीकडे, हे त्याने ठरतं. बाकीच्या बऱ्याच यंत्रांतही या ना त्या नावाने ही बाब मेनूत कुठेतरी असते. घरीच तपासा: वरच्यावर ट्रान्सपोज अधिक एक करा, खालचा आहे तसाच ठेवा, वरून खालच्याचा आवाज वाजवा आणि तंबोऱ्याच्या ॲपशी ताडून बघा. पट्टी बदलली तर वरचा बदलून पाठवतोय, नाहीतर नाही. माझी स्वतःची पद्धत याहून सोपी आहे. लाइव्हमध्ये मी दोघांना मिडीने जोडतच नाही. प्रत्येकाची पट्टी प्रत्येकावर. स्टेजवर डोकं शांत राहतं. आणि डाव्या कोपऱ्यात ढोल-ताशाचा किंवा हलगीचा सॅम्पल लावला असेल तर तो झोन ट्रान्सपोजमधून वगळा, नाहीतर काळी एक केल्यावर हलगीच्या जागी दुसरंच काहीतरी वाजतं.

मींडेचा प्रश्नही दोन कंपन्यांच्या जोडीत येतो. यामाहाला डावीकडे दोन चाकं असतात, एक सूर वाकवायला आणि एक मॉड्युलेशनला. बहुतेक रोलँडला एकच दांडा: आडवा ढकलला की सूर वाकतो, पुढे लोटला की मॉड्युलेशन. कॉर्गला बहुधा जॉयस्टिक. शहनाई किंवा बासरीची जागा घेताना डावा अंगठा जे शिकलेला असतो ते यंत्र बदललं की विसरतो. त्यामुळे सोलो वाद्यं कायम एकाच कीबोर्डवर ठेवा, आणि तो तुमच्या अंगठ्याला सवयीचा असू दे. पट्टी दाबून धरल्यावर आणखी जोर दिला की कंप यावा, अशी आफ्टरटचची सवय असेल तर खरेदीआधी बघून घ्या: मोठ्या फँटममध्ये ते आहे, स्वस्तातल्या फँटम-०मध्ये नाही, नॉटिलसमध्ये सुरुवातीला नव्हतं, नंतर एटी नावाच्या आवृत्तीत दिलं.

पट्ट्यांबाबत माझं मत थोडं तिरकस आहे. आपल्यातले बहुतेक जण हार्मोनियमवरून आलेले. हलक्या पट्ट्यांवर आपली बोटं पळतात; पियानोसारख्या जड पट्ट्यांवर द्रुत तान घ्यायची म्हणजे मनगट भरून येतं. "खाली ८८ वेटेड (जड), वर ६१" ही जगभरची मांडणी आहे, पण कार्यक्रमात पियानो तीन-चार गाण्यांतच असेल तर खाली ७६ हलक्या पट्ट्या पुरतात. फक्त पियानोवरचे गझलांचे कार्यक्रम करणाऱ्यांनी माझं ऐकू नये.

वजनाचं गणित तर उघडच आहे. मोडएक्स६ सुमारे साडेसहा किलोचा, फँटम-०६ सहा किलोचा. मोडएक्स८ जवळपास १४ किलोचा, आणि ८८ पट्ट्यांचा माँटाज तब्बल २९. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बर लोकलने जायचं, तर ६१वाली बॅग पाठीवर घेऊन लगेजच्या डब्यात उभं राहता येतं. ८८वाला सव्वा मीटरहून लांब. रिक्षात आडवा बसत नाही, तिरका घालावा लागतो आणि एक टोक बाहेर. त्याला गाडी लागते आणि उचलायला दुसरा माणूस. वर्षभरात हा खर्च कीबोर्डच्या किमतीत धरला पाहिजे.

मग जोडी कोणती? गाणी मिसळीची असतील, सोबत तालवाद्यवाले असतील, तर मोडएक्स किंवा फँटम-०पैकी एक मुख्य, आणि दुसरा रोलँड एक्सपीएस-३०सारखा हलका, ज्यात भारतीय वाद्यांचे आवाज तयार आहेत. स्वतःचे नमुने भरायची हौस असेल तर मोडएक्समध्ये त्यासाठी १ जीबी जागा आहे, मोडएक्स प्लसमध्ये १.७५ जीबी. दोन्ही एकाच कंपनीचे घेतले तर शिकायला सोपं, पण दोघांचे स्ट्रिंग्ज एकाच घराण्याचे वाटतात आणि एकावर एक ठेवले की गढूळ होतात. वेगळ्या कंपन्या घेतल्या तर आवाजांची जात वेगळी राहते, मला ते आवडतं. दोन लाखांच्या पुढचे माँटाज आणि मोठे फँटम स्टुडिओतलं कामही करणाऱ्यांनीच घ्यावेत.

साउंडवाल्याशी आधी बोला. मैदानी कार्यक्रमात तो बऱ्याचदा दोन कीबोर्डांना मिळून दोनच चॅनल देतो. तेव्हा प्रत्येकाच्या "एल/मोनो" भोकातच केबल घाला. डावं-उजवं दोन्ही काढून बाहेर एकत्र केलं तर स्टिरिओ पियानोचे काही सूर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. गडकरी रंगायतनसारख्या बंद नाट्यगृहात कीबोर्डचा स्वतःचा रिव्हर्ब निम्म्याने कमी करा, सभागृह आपलं काम करतंच. दोन्हींची पातळी घरीच एका स्पीकरवर जुळवून ठेवा. पेडल मात्र उसनी घेऊ नका: यामाहा आणि रोलँडच्या व्हॉल्यूम पेडलची आतली जोडणी वेगळी असते, एकाचं दुसऱ्याला लावलं तर नीट चालत नाही. सस्टेन पेडलवर पाय ठेवून यंत्र चालू केलं तर ते उलटं वागू शकतं. पाय काढून बंद करून पुन्हा चालू करा.

सेकंडहँड घेत असाल तर पियानोचा आवाज लावून प्रत्येक पट्टी अगदी हलक्या, सारख्या जोराने वाजवा. मध्येच एखादी किंचाळली, किंवा दोनदा वाजली, तर पट्टीखालचे रबरी कॉन्टॅक्ट खराब झालेत. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात न झाकता ठेवलेल्या कीबोर्डांत हे नेहमी सापडतं. कॉन्टॅक्ट बदलता येतात, पण तो खर्च किमतीतून वजा करायला लावा. सूर वाकवणारं चाक किंवा दांडा सोडल्यावर सूर नेमका जागेवर येतो का, हे तंबोऱ्याशी ताडून बघा. सगळी आउटपुट भोकं केबल हलवून तपासा. मोडएक्स आणि फँटम-० बाहेरच्या ॲडॅप्टरवर चालतात, तेव्हा तो मूळ कंपनीचाच आहे ना, ते उलटं करून वाचा, आणि यंत्र निदान अर्धा तास चालू ठेवूनच पैसे द्या.